सुंदरीच्या केसांचा इतिहास : नाव एकाचे, हात अनेकांचे

१/
जपानच्या एदो काळातील एखाद्या सुंदरीचे छापाचित्र समोर आले की नजर आधी तिच्या चेहऱ्यावर जाते, मग वस्त्रांवर. या धाग्यात मी तुम्हाला तिच्या केसांकडे पाहायला सांगणार आहे. कपाळावर आणि कानशिलापाशी, जिथे केस संपून त्वचा सुरू होते, तिथे असंख्य बारीक रेषा एकमेकींना न चिकटता शेजारी शेजारी उतरलेल्या दिसतात. त्या रेषा कोणी काढल्या? चित्रावर कितागावा उतामारोची सही आहे, म्हणून उत्तर सोपे वाटते. पण ते उत्तर चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे हे समजले, की या कलेकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

२/
माझे म्हणणे प्रारंभीच मांडतो. ‘उतामारोची सुंदरी’ या दोन शब्दांत दोन प्रकारचे श्रम गडप होतात. पहिला श्रम चित्र घडवणाऱ्या कारागिरांचा, दुसरा श्रम चित्रातल्या स्त्रीचा. संग्रहालयाच्या भिंतीवर आणि आपल्या मोबाइलच्या पडद्यावर सौंदर्य तेवढे उरते. ते कोणाच्या हातांनी आणि कोणाच्या आयुष्याच्या मोलाने उभे राहिले, हे पुसले जाते. इतिहासाची आवड असलेल्या वाचकाने हे पुसलेले वाचायला शिकले पाहिजे. चित्रांचा आनंद त्याने कमी होत नाही. तो अधिक प्रामाणिक होतो.

३/
थोडी पार्श्वभूमी. तोकुगावा घराण्याची सत्ता १६०३ ते १८६८ अशी अडीचशे वर्षांहून अधिक काळ टिकली. तिचे केंद्र एदो, म्हणजे आजचे तोक्यो. अठराव्या शतकात या शहराची वस्ती दहा लाखांच्या घरात होती. व्यापारी, कारागीर, सामुराई आणि त्यांचे नोकर यांच्या गर्दीतून नाटकगृहे, चहाघरे आणि गणिकांच्या वस्त्या फोफावल्या. या जगाला नाव मिळाले ‘उकियो’. मूळ बौद्ध अर्थ ‘दुःखमय संसार’. आपल्याकडच्या ‘भवसागर’ या शब्दाच्या जवळचा. एदोच्या रसिकांनी उच्चार तोच ठेवून लिपीचिन्ह बदलले आणि अर्थ केला ‘तरंगते जग’. त्या जगाची चित्रे म्हणजे ‘उकियो-ए’. त्यातील सुंदर स्त्रियांच्या चित्रांना ‘बिजिन-गा’ म्हणतात.

४/
ही चित्रे राजवाड्यासाठी नव्हती. एका साध्या छापाची किंमत साधारण सोळा-वीस मोन, म्हणजे रस्त्यावर मिळणाऱ्या शेवयांच्या एका वाडग्याइतकी. लोक ती विकत घेत, भिंतीवर डकवत, गावी परतताना भेट म्हणून नेत. सतराव्या शतकात हिशिकावा मोरोनोबुच्या काळी छाप काळ्या रेषेचे असत. रंग हवा असल्यास हाताने भरावा लागे. १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबुच्या चित्रांतून अनेक ठशांची पूर्ण रंगीत छपाई स्थिरावली. श्रीमंत हौशी मंडळी नववर्षाला सचित्र दिनदर्शिकांची देवाणघेवाण करीत. त्यांच्या चढाओढीतून हे तंत्र पुढे आले. भरजरी कापडावरून त्याला ‘निशिकि-ए’ असे नाव पडले.

५/
आता चित्र घडते कसे ते पाहू. सुरुवात चित्रकारापासून होत नाही, प्रकाशकापासून होते. त्याला ‘हानमोतो’ म्हणत. कोणता विषय खपेल हे तो ठरवी, भांडवल तो घाली, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा यांना काम तो देई, आणि तयार माल आपल्या दुकानात विके. उतामारोला नावारूपाला आणणारा त्सुताया जुझाबुरो (१७५०–१७९७) हा असाच प्रकाशक. बाजाराची नाडी त्याला अचूक कळे. उतामारोने सुंदरींचे नुसते चेहरे आणि खांदे जवळून दाखवणारी मोठी चित्रे काढली, ती याच जोडीच्या काळात, १७९० च्या दशकाच्या आरंभी.

६/
चित्रकार पातळ कागदावर काळ्या शाईने रेखाटन करी. तो कागद पालथा घालून गुळगुळीत लाकडी फळीवर खळीने चिकटवला जाई. मग कोरणारा कागदासकट लाकूड कोरत जाई. रेषा उभ्या राहत, बाकीचे लाकूड निघून जाई आणि त्याबरोबर चित्रकाराचे रेखाटनही नष्ट होई. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. छापल्या गेलेल्या चित्राचे चित्रकाराच्या हातचे अंतिम रेखाटन सहसा उरतच नाही. आपण जी रेषा ‘उतामारोची’ म्हणून नावाजतो, ती प्रत्यक्षात कोरणाऱ्याच्या सुरीने लाकडावर ठेवलेली रेषा असते.

७/
फळी रानटी चेरीच्या लाकडाची. हे लाकूड कठीण आणि एकसारख्या पोताचे, म्हणून बारीक रेषा तुटत नाही. कोरणाऱ्यांमध्येही उतरंड होती. वस्त्रे, पार्श्वभूमी आणि अक्षरे नवखे किंवा मधल्या फळीतले कारागीर कोरत. चेहरा आणि केस मात्र ‘डोके कोरणाऱ्या’ उस्तादाकडे जात. केशरेषेपाशी चित्रकार बहुधा मोघम खुणा करी. एकेक केस सुट्टा करण्याचे काम उस्तादाचे. या कौशल्याला ‘के-वारी’ म्हणतात, शब्दशः केस चिरणे. त्या पातळीला पोहोचण्यासाठी उमेदवारीत वर्षानुवर्षे घालवावी लागत. पहिल्या पोस्टमधल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे : ते केस त्याचे आहेत.

८/
काळ्या रेषेची फळी तयार झाली की तिच्यावरून काही छाप काढले जात. त्यांवर चित्रकार रंगांच्या जागा दाखवून देई. मग साधारणपणे प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी किंवा फळीची वेगळी बाजू कोरली जाई. पाच, आठ, दहा वेळा तोच कागद वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवायचा आणि रंग केसभरही सरकू द्यायचा नाही, हे साधले कसे? प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात काटकोनाची एक खाच आणि कडेला सरळ रेषेची दुसरी खाच असे. कागदाची कड या दोन खाचांत बसवायची. ‘केन्तो’ नावाची ही खूण दिसायला क्षुल्लक, पण रंगीत छपाईचा सारा डोलारा तिच्यावर उभा आहे.

९/
मग छापणाऱ्याची पाळी. कागद तुतीच्या कुळातील ‘कोझो’ झाडाच्या सालीचा. त्यावर सरस आणि तुरटीचे पाणी फिरवलेले, म्हणजे रंग फुटत नाही. फळीवर पाण्यातला रंग आणि तांदळाची खळ ब्रशाने पसरवून त्यावर ओलसर कागद ठेवायचा आणि पाठीवरून ‘बारेन’ घासायचा. हे बांबूच्या दोऱ्याचे वेटोळे बांबूच्याच पापुद्र्यात गुंडाळलेले असते. रंग गडदाकडून फिक्याकडे विरघळवणे, रंगाविना नुसत्या दाबाने वस्त्राची नक्षी उठवणे, चेहऱ्यामागची पार्श्वभूमी अभ्रकाने चमकवणे, हे सारे त्याच्या मनगटाचे काम. सुंदरीच्या ओठांचा लाल रंग बहुधा करडईच्या फुलांचा. तो किती दाट लागायचा, हे शेवटी त्याच्या हातात असे.

१०/
आता चित्रावरची नावे वाचा. चित्रकाराची सही ठळक. प्रकाशकाचे चिन्ह स्पष्ट. १७९० नंतर तपासनीसाचा शिक्का अनिवार्य झाला, तोही आहे. कोरणारा? छापणारा? उतामारोच्या काळातील बहुतेक चित्रांवर त्यांचा मागमूस नाही. एकोणिसाव्या शतकात काही कोरणाऱ्यांची नावे दिसू लागतात, जसे ‘होरी ताके’ या खुणेने ओळखला जाणारा योकोकावा ताकेजिरो. छापणाऱ्यांच्या वाट्याला हा मान क्वचितच आला. म्हणजे ज्याने परवानगी दिली त्या अधिकाऱ्याची खूण चित्रावर राहिली, आणि ज्याने केस कोरले त्याची राहिली नाही.

११/
यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ‘इमारतीला वास्तुरचनाकाराचे नाव देतात, गवंड्याचे नाही. कल्पना चित्रकाराची होती, बाकीचे अंमलबजावणी करणारे.’ या युक्तिवादाला एदोतल्या एका बड्या चित्रकारानेच उत्तर देऊन ठेवले आहे. कात्सुशिका होकुसाईने किशोरवयात काही वर्षे ठसे कोरण्याची उमेदवारी केली होती. कोरणाऱ्याच्या सुरीखाली चेहरा कसा बदलतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. १८३४ मध्ये निघालेल्या ‘फुजी पर्वताची शंभर दृश्ये’ या त्याच्या पुस्तकात कोरणारा एगावा तोमेकिची याचे नाव छापलेले आहे. होकुसाईला याच कोरणाऱ्याच्या हाताचा आग्रह असे. अंमलबजावणी कोणीही केली तरी चालते असे असते, तर हा आग्रह कशाला?

१२/
हा झाला पहिला श्रम. आता चित्राच्या आत जाऊ. या सुंदरी कोण होत्या? ढोबळ दोन वर्ग करता येतात. एक, शहरात काम करणाऱ्या मुली : चहाघरात चहा देणाऱ्या, दुकानात बसणाऱ्या, गाणाऱ्या. दोन, सरकारमान्य योशिवारा वस्तीतील गणिका. चित्रात दोघी सारख्याच सुडौल आणि निवांत दिसतात. पण काही खुणा वाचता येतात. कमरेचा पट्टा पुढच्या बाजूला बांधलेला असेल तर ती बहुधा गणिका. दात काळे आणि भुवया काढलेल्या असतील तर बहुधा विवाहिता. एदोच्या ग्राहकाला या खुणा एका नजरेत कळत. आपल्याला त्या शिकाव्या लागतात.

१३/
पहिल्या वर्गातील प्रसिद्ध उदाहरणे पाहा. १७६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हारुनोबुने कासामोरी देवस्थानाजवळच्या चहाघरातील ओसेन आणि आसाकुसातील दातकोरण्यांच्या दुकानातील ओफुजी यांना चित्रांत आणले, आणि त्यांना पाहण्यासाठी गर्दी लोटली. १७९३ च्या सुमारास उतामारोने ‘आजच्या तीन सुंदरी’ हे गाजलेले चित्र केले : चहाघरातील ओकिता, ताकाशिमा घरातील ओहिसा आणि गायिका तोयोहिना. पहिल्या दोघी सोळा-सतरा वर्षांच्या. तिघींचे चेहरे जवळजवळ एकाच साच्यातले आहेत. नाकाचा बाक, डोळ्यांची ठेवण यांत सूक्ष्म फरक तेवढा आहे. ओळख पटते ती वस्त्रांवरच्या आणि पंख्यावरच्या कुलचिन्हांवरून. कीर्ती त्यांच्या नावाची होती. चेहरा मात्र त्या काळच्या आदर्शाचा होता.

१४/
सत्तेला खुपले ते नेमके हे नाव. १७९३ मध्ये गणिकांखेरीज इतर स्त्रियांची नावे चित्रांवर छापण्यास मनाई झाली. उतामारोने पळवाट काढली : कोपऱ्यात वस्तूंची छोटी चित्रे जोडून नावाचे चित्रकोडे घातले. १७९६ मध्ये कोड्यांवरही बंदी आली. १८०० मध्ये चेहऱ्यांची मोठी चित्रेच रोखली गेली. शेवटी १८०४ मध्ये हिदेयोशी आणि त्याच्या पाच स्त्रियांचे चित्र काढल्याबद्दल उतामारोला ५० दिवस हातबेड्या घालण्याची शिक्षा झाली. दोन वर्षांनी तो वारला. या बंद्यांचा क्रम पाहिला की सत्तेला काय वाटत होते ते कळते. सामान्य घरातली मुलगी नावानिशी प्रसिद्ध होणे तिला बेशिस्तीचे वाटे. गणिकेचे नाव छापण्याला मात्र तिची हरकत नव्हती.

१५/
म्हणून योशिवाराकडे वळणे भाग आहे. या वस्तीला १६१७ मध्ये परवानगी मिळाली. १६५७ च्या भीषण आगीनंतर ती आसाकुसाच्या उत्तरेला हलवली गेली. भोवती पाण्याचा खंदक, आत-बाहेर जायला एकच मोठा दरवाजा. गरीब घरातल्या मुली लहान वयात इथे आणल्या जात. आईबापांच्या हातात आगाऊ रक्कम पडे. ऊसतोडीच्या व्यवहारातला ‘उचल’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. व्यवहाराचा सांगाडा तसाच. ती उचल फेडेपर्यंत मुलगी बांधलेली. मुदत साधारण दहा वर्षांची धरली जाई, पण हिशेब मालकाच्या वहीत असे.

१६/
चित्रातली उंची वस्त्रे इथे वेगळी दिसू लागतात. वरच्या दर्जाच्या गणिकेला स्वतःची वस्त्रे, अंथरुणे आणि सोबतच्या बालिकांचा खर्च स्वतः सोसावा लागे. पैसा कुठून येणार? कर्जातूनच. म्हणजे जितके वस्त्र देखणे, तितकी सुटका लांब. १७७० च्या दशकात इसोदा कोर्युसाईने गणिकांना नव्या नक्षीच्या वस्त्रांत दाखवणारी शंभराहून अधिक चित्रांची मालिका काढली. शहरातल्या स्त्रिया त्या फॅशनचे अनुकरण करीत. कापडाचा खप वाढे, चित्रे विकली जात, वस्तीची कीर्ती पसरे. या साखळीतल्या प्रत्येकाला काही ना काही मिळत होते. जिच्या अंगावर ते वस्त्र होते, तिच्या नावावर कर्ज चढत होते.

१७/
प्रकाशक या साखळीबाहेर नव्हता. त्सुताया जुझाबुरोचा जन्मच योशिवारातला. त्याचे पहिले दुकान वस्तीच्या मोठ्या दरवाजाबाहेर होते. गणिकागृहांची आणि गणिकांची नावे-दर्जा देणाऱ्या मार्गदर्शिका तो छापत असे. १७८३ नंतर त्या धंद्यावर त्याची मक्तेदारी झाली. त्याच वर्षी तो शहराच्या व्यापारी भागात निहोनबाशीला आला. १७९१ मध्ये सरकारने त्याची निम्मी मालमत्ता जप्त केली, तीही योशिवाराच्या विषयावरील पुस्तकांमुळे. तो धाडसी होता, गुणग्राहक होता, हे खरे. पण सुंदरींची चित्रे ही त्याच्यासाठी एकाच वेळी कला आणि जाहिरात होती, हे विसरून त्याच्या धाडसाचे कौतुक करता येणार नाही.

१८/
वस्तीचा दुसरा पत्ता कोणत्याही सुंदरीच्या चित्रात नाही. जवळच मिनोवा येथे जोकानजी नावाचे मंदिर आहे. वारस नसलेल्या योशिवारातल्या स्त्रियांचे मृतदेह इथे आणून सोडले जात. म्हणून लोकांनी त्याला ‘टाकून देण्याचे मंदिर’ असे नाव दिले. सुमारे पंचवीस हजार स्त्रिया इथे पुरल्या गेल्या, असे सांगितले जाते. त्यांचे स्मारक आजही तिथे उभे आहे. उतामारोच्या चित्रांतली गणिकांची नावे आणि या मंदिरातले निनावी मृतदेह एकाच वस्तीतून आलेले आहेत. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय ‘बिजिन-गा’चा इतिहास पुरा होत नाही.

१९/
मग उतामारो आंधळा होता का? मला तसे वाटत नाही. १७९४ च्या सुमारास त्याने ‘हिरव्या घरांचे बारा प्रहर’ ही मालिका काढली. ‘हिरवी घरे’ म्हणजे योशिवारातली गणिकागृहे. जपानी दिवसाच्या बारा भागांत या स्त्रिया काय करतात, असा तिचा विषय. त्यात ‘बैलाचा प्रहर’ म्हणजे उत्तररात्र. एक स्त्री अर्धवट झोपेत, विस्कटल्या वस्त्रानिशी, पायाने चप्पल चाचपडत उभी आहे. ग्राहकासमोरची ऐट उतरली आहे, थकवा शिल्लक आहे. इथे चित्रकाराला काहीतरी दिसले होते. पण हेही चित्र शेवटी ग्राहकासाठीच होते. तिचा एकांतही विक्रीस होता.

२०/
दुसरा आक्षेप आता येईल : ‘आजच्या मूल्यांनी दोनशे वर्षांपूर्वीच्या लोकांना तोलू नका.’ सूचना रास्त आहे, पण इथे लागू होत नाही. योशिवारातल्या जीवनाला त्या काळच्या भाषेतच ‘कुगाई’, म्हणजे दुःखाचे जग, म्हणत. ‘दुःखाची दहा वर्षे’ हा शब्दप्रयोग त्यांचाच. मंदिराला दिलेले नावही त्यांचेच. म्हणजे ते दुःख आपण मागे जाऊन शोधलेले नाही; समकालीनांना ते माहीत होते आणि बाजार तरीही चालू होता. पुढे १८७२ मध्ये जपान सरकारने अशा बांधील स्त्रियांच्या मुक्ततेचा हुकूम काढला, तरी योशिवारा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून राहिले.

२१/
आता या दोन श्रमांची गाठ कुठे पडते ते पाहू. कारागीर हाही उकियो-एचा आवडता विषय होता. १७७० मध्ये ताचिबाना मिन्कोने निरनिराळ्या कारागिरांचे सुंदर रंगीत पुस्तक काढले. होकुसाईच्या फुजीमालिकेत मोठ्या पिंपाच्या आत बसून लाकूड तासणारा कारागीर आहे आणि त्या पिंपाच्या गोलातून दूरचा इवलासा फुजी दिसतो. उतामारोनेही १७९० च्या दशकाच्या अखेरीस स्त्रियांच्या हस्तव्यवसायांची बारा चित्रांची मालिका केली. तिच्यात केशरचना करणारी स्त्री आहे. अवघ्या काही वर्षांपूर्वी, १७९५ मध्ये, स्त्रियांनी केशरचनेचा धंदा करण्यावर चैनीला आळा म्हणून बंदी आली होती. प्रत्येक सुंदरीचे डोके जिच्या हातांनी सजत होते, तिचे काम कायद्याने गुन्हा ठरले होते.

२२/
आणि एक चित्र असे आहे की ज्यात सारा प्रश्न एकवटला आहे. १८०३ च्या सुमारास उतामारोने ‘एदोची ख्याती : रंगीत छापांची मशागत’ या अर्थाच्या शीर्षकाचे काम केले. भातशेतीच्या आणि विणकामाच्या पारंपरिक चित्रांची ती गमतीदार नक्कल. त्यात रेखाटन, कोरणे, कागदाला सरस-तुरटी देणे हे टप्पे दाखवले आहेत. १८५७ मध्ये तिसरा तोयोकुनी (मूळ नाव कुनिसादा) यानेही चार सामाजिक वर्गांच्या मालिकेत ‘कारागीर’ म्हणून छापखान्याचेच दृश्य घेतले. दोन्ही चित्रांत हत्यारे अचूक, क्रम अचूक. मात्र काम करणारे सगळे हात सुंदर स्त्रियांचे आहेत. प्रत्यक्षात हा धंदा पुरुषांचा होता.

२३/
याला जपानी परंपरेत ‘मिताते’ म्हणतात : एक गोष्ट दुसऱ्या रूपात दाखवण्याचा खेळ. ग्राहकाला तो कळे आणि आवडे. पण परिणाम पाहा. आपल्या धंद्याची कृती अभिमानाने दाखवण्याची वेळ आली, तेव्हाही घामेजलेला, पाठीत वाकलेला उस्ताद चित्रात आला नाही, कारण तो विकला गेला नसता. आणि त्याच्या जागी जी स्त्री आली, ती तिच्या स्वतःच्या कामासाठी आली नाही, शोभेसाठी आली. कारागिराचे काम दिसले, कारागीर दिसला नाही. स्त्री दिसली, तिचे काम दिसले नाही. एकाच कागदावर दोघेही लपले.

२४/
इतिहासाच्या अभ्यासकासाठी यातला धडा व्यवहाराचा आहे. त्या चित्रावरून ‘एदोमध्ये स्त्रिया ठसे कोरत’ असे लिहिणे चूक ठरेल. पण त्याच चित्रावरून मोगरी आणि पटाशी कशी धरत, हत्यारांना धार कशी लावत, कागद कसा वाळवत, हे मात्र आत्मविश्वासाने सांगता येईल. चित्र पुरावा असते, पण सगळ्याच गोष्टींचा सारखा पुरावा नसते. हत्यार काढताना चित्रकाराला खोटे बोलण्याचे कारण नव्हते. माणूस काढताना बाजार त्याच्या शेजारी बसलेला होता. प्रत्येक चित्राला विचारा : इथे सत्य सांगितल्याने कोणाचे नुकसान होणार होते?

२५/
पुढे काय झाले? विसाव्या शतकात हा वाद जपानमध्ये उघडपणे झाला. १९०४ मध्ये यामामोतो कानाएने ‘कोळी’ हे चित्र स्वतः रेखाटून, स्वतः कोरून छापले. एकाच हाताने सारे करावे, असा आग्रह धरणारा नवा प्रवाह तिथून वाढला. दुसरीकडे प्रकाशक वातानाबे शोझाबुरोने जुनी श्रमविभागणी राखून नवी चित्रे काढली. त्याच्यापासून स्वतंत्र होऊन हाशिगुची गोयोने १९२० मध्ये केस विंचरणाऱ्या स्त्रीचे चित्र केले. लांब, मोकळ्या केसांची ती लाट पाहताना कोरणाऱ्याच्या हाताला दाद द्यावीच लागते. पहिल्या प्रवाहाने कारागिराची गरज नाकारली, दुसऱ्याने ती मान्य केली. पण प्रसिद्धी दोन्हीकडे चित्रकारालाच मिळाली.

२६/
तर मग मागणी काय? कोणालाही सिंहासनावरून खाली खेचा, असे मी म्हणत नाही. उतामारो मोठा होता आणि राहील. मागणी साधी आहे. छापाचित्राच्या शेजारच्या पाटीवर प्रकाशकाचे नाव हवे. कोरणारा-छापणारा ठाऊक असतील तर त्यांची नावे हवीत, आणि ठाऊक नसतील तर ‘कोरणारा अज्ञात, छापणारा अज्ञात’ असे स्पष्ट लिहिलेले हवे. ‘अज्ञात’ लिहिले की निदान तिथे कोणीतरी होते हे कळते. काहीच न लिहिल्यास ते नव्हतेच असे होते. आणि गणिकेच्या चित्राखाली ‘विलासी जीवन’ असा गुळमुळीत शब्द न घालता, ती बांधील होती हे एका वाक्यात सांगितलेले हवे.

२७/
तोवर आपण वाचकांनी सवय लावून घेऊ. पुढच्या वेळी अशी सुंदरी पडद्यावर आली की चित्र मोठे करा. सही वाचा, प्रकाशकाचे चिन्ह शोधा, तपासनीसाचा शिक्का शोधा, पट्टा पुढे बांधला आहे की मागे ते पाहा. मग कपाळावरच्या केशरेषेवर थांबा. तिथे एका केशरचना करणाऱ्या स्त्रीचे हात आहेत, एका कोरणाऱ्याची उमेदवारीतली वर्षे आहेत, एका छापणाऱ्याच्या मनगटाचा दाब आहे. ती स्त्री योशिवारातली असेल, तर तिच्या कर्जाचाही काही भाग तिथे आहे.

धागा इथे संपतो. कोणत्या चित्रावर अशाच बारकाईने लिहावे असे तुम्हाला वाटते, ते खाली जरूर सांगा.